कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये मास्टर्स: खर्च, कर्ज आणि पुढची नोकरी

धायरीची वाचक:

नमस्कार. मी पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केले असून सध्या हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टचे काम करते. तक्रारींची तिकिटे येतात, लॉग (यंत्रणेच्या नोंदी) तपासायचे, डेटाबेसमध्ये चूक शोधून ती दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवायची, असे कामाचे स्वरूप आहे. हातात दरमहा साधारण ३८ हजार रुपये येतात. हे काम मला आवडत नाही असे नाही, परंतु सपोर्टमधून बाहेर पडून सिस्टिम अ‍ॅनालिसिस किंवा डेटा इंजिनिअरिंगकडे जायचे असेल, तर पदव्युत्तर पदवीशिवाय मार्ग दिसत नाही, असे माझे मत झाले आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांत कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे सीआयएस, या विषयात एम.एस. करण्याचा विचार आहे. डेक्कनवरील एका परदेशी शिक्षण सल्लागाराने सांगितले की सीआयएस आणि कॉम्प्युटर सायन्स यांत नोकरीच्या दृष्टीने काहीही फरक नाही, प्रवेश मात्र सोपा आहे, आणि या क्षेत्रातील सरासरी पगार वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर आहे. हा आकडा ऐकून घरचे तयार झाले. माझी मात्र काळजी वाढली. वडील गेल्या वर्षी निवृत्त झाले, राहता फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, आणि धाकटा भाऊ बारावीत आहे. माझी स्वतःची बचत चार लाखांच्या आसपास आहे. बाकी सर्व कर्ज.

एकूण खर्च खरोखर किती येतो, कर्ज कोणत्या अटींवर मिळते, पदवीनंतर तिथे नोकरी मिळण्याची शक्यता आज कितपत आहे, आणि ती न मिळाल्यास पुण्यात परतून हे कर्ज फेडता येईल का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. पुण्यातच एम.सी.ए. करणे जास्त शहाणपणाचे ठरेल का, यावरही मते हवी आहेत.

डॅलसमधला पुणेकर:

ताई, सर्वप्रथम त्या १ लाख ७० हजारांबद्दल. हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्यासाठी नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने मे २०२४ साठी ‘कॉम्प्युटर अँड इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजर’ या पदाचे मध्यम वार्षिक वेतन १,७१,२०० डॉलर दिले आहे. हे व्यवस्थापकाचे पद असून त्यासाठी साधारणपणे पाच किंवा अधिक वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, असे तोच विभाग नमूद करतो. पदाच्या आणि पदवीच्या नावात साम्य असल्यामुळे हा आकडा माहितीपत्रकांत सर्रास वापरला जातो. तुमच्या अपेक्षेच्या जवळचे पद म्हणजे ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट’. त्याचे मध्यम वेतन एक लाख चार हजार डॉलरच्या किंचित खाली आहे, आणि तेही सर्व अनुभवगटांचे मिळून; नुकत्याच पदवी घेतलेल्या व्यक्तीने त्याहून बरेच कमी धरून चालावे.

दुसरा मुद्दा सीआयएस आणि कॉम्प्युटर सायन्स यांतील फरकाचा. कॉम्प्युटर सायन्समध्ये अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर अशा विषयांवर भर असतो. सीआयएसमध्ये डेटाबेस, सिस्टिम अ‍ॅनालिसिस आणि डिझाइन, नेटवर्क, माहिती सुरक्षा, प्रकल्प व्यवस्थापन आणि ईआरपी (कंपनीचे सर्व व्यवहार एकत्र सांभाळणारी प्रणाली) हे विषय मध्यवर्ती असतात. मात्र एकाच नावाचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात अभियांत्रिकी किंवा संगणक विभागात असतो, तर दुसऱ्या विद्यापीठात व्यवस्थापन शाखेत असतो. नावावर न जाता प्रत्येक सत्राचे विषय काढून वाचावेत. ज्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग आणि डेटाबेसचे विषय ऐच्छिक करून बाकी सर्व व्यवस्थापनाचे आहेत, तो तुमच्या उद्दिष्टाला पुरा पडणार नाही.

यातूनच पुढची, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब येते. प्रत्येक अभ्यासक्रमाला तेथे एक सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा अधिकृत वर्गीकरण क्रमांक, असतो. पदवीनंतर १२ महिने ओपीटीखाली, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येते, आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असल्यास आणखी २४ महिने मिळतात. ११ ने सुरू होणारे बहुतेक संगणकविषयक कोड या यादीत आहेत. मात्र ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स’चा ५२.१२०१ हा कोड त्या यादीत नाही. म्हणजे जवळजवळ सारखेच विषय शिकलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला तीन वर्षे मिळतात आणि दुसऱ्याला एकच. सल्लागाराला हे विचारू नका. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल करून कोड लेखी मागवा.

खर्चाचे बोलायचे तर पदवी बहुधा ३० ते ३६ क्रेडिटची असते आणि शुल्क क्रेडिटप्रमाणे आकारले जाते. सर्वसाधारण राज्य विद्यापीठात दोन वर्षांचे शुल्क ३० ते ४० हजार डॉलर, आरोग्य विमा धरून राहण्याखाण्याचा खर्च वर्षाला साधारण १५ हजार, असा हिशेब केला तर एकूण ६० ते ७० हजार डॉलर होतात. खासगी विद्यापीठात, त्यातही बोस्टन किंवा न्यूयॉर्कसारख्या शहरात, हा आकडा एक लाखापलीकडे सहज जातो. व्यवस्थापन शाखेतील काही अभ्यासक्रमांत अकाउंटिंग किंवा सांख्यिकीचे पायाभूत विषय आधी पूर्ण करावे लागतात आणि त्यांचे क्रेडिट वेगळे मोजले जातात, याचीही चौकशी करावी. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. त्यातून किराणा आणि फोनचा खर्च निघतो. शुल्क निघत नाही.

व्हिसाबाबत मी कोणतीही खात्री देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांसाठीचा व्हिसा, याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, शिवाय अमेरिकी मास्टर्स असलेल्यांसाठी २० हजार, आणि हा दुसरा कोटा केवळ सार्वजनिक किंवा ना-नफा मान्यताप्राप्त संस्थांच्या पदवीधरांनाच लागू असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. विद्यार्थी व्हिसावर तेथेच असताना दर्जा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असे स्पष्टीकरण ऑक्टोबरमध्ये आले. तरीही परदेशी पदवीधराला घेण्याबाबत अनेक कंपन्या आता आधीपेक्षा हात आखडता घेतात. माझ्या वेळी जितक्या मुलाखती मिळत, तितक्या आता मिळत नाहीत, हे कनिष्ठ विद्यार्थ्यांशी बोलताना जाणवते.

इतके असूनही, योग्य कोडचा, कमी शुल्काचा आणि विषयांनी भक्कम असा अभ्यासक्रम मिळाला, तर मी जावे असेच म्हणेन.

कर्ज विभागातील निवृत्त:

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शैक्षणिक कर्ज विभागात माझी नोकरी झाली, म्हणून वरील हिशेबाला कर्जाची बाजू जोडतो.

एकूण ६५ हजार डॉलर आणि डॉलरचा भाव ८८ रुपये धरला, तर ५७ लाख रुपये होतात. परदेशी शिक्षणासाठी सरकारी बँका साधारण १५ टक्के रक्कम तुमची स्वतःची धरतात. तुमची बचत आणि घरून थोडी मदत जमेस धरून कर्ज ४५ लाख मानू. व्याजदर ११ टक्के धरू. सरकारी बँकेत तारण दिल्यास याहून थोडा कमी बसू शकतो, तर बिगर-बँक वित्तसंस्थांकडे विनातारण घेतल्यास बहुधा जास्तच बसतो. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतात असे समजू. रक्कम दर सत्राला समान हिश्शाने उचलली, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच सुमारे साडेआठ लाखांचे व्याज साठते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची फेड घेतली, तर मासिक हप्ता ७४ हजारांच्या आसपास जातो. पंधरा वर्षांची घेतली तर ६१ हजार, पण एकूण परतफेड २० लाखांहून अधिक वाढते. कागदावर हप्ता लहान दिसतो म्हणून पंधरा वर्षे घेणारे बरेच असतात. मुदत लांब घ्यायची असेल तर घ्या, पण मुदतपूर्व फेडीवर दंड नाही याची खात्री करून घ्या आणि शक्य तेव्हा मुद्दल कमी करीत राहा. शिकत असतानाचे व्याज वडिलांच्या निवृत्तिवेतनातून थोडे जरी भरता आले, तरी पुढचे ओझे लक्षणीय घटते, आणि काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात.

आता तारणाविषयी, कारण धायरी म्हटले की मला हाच प्रश्न आधी पडतो. त्या भागात अनेक जुन्या इमारती ग्रामपंचायतीच्या काळात उभ्या राहिल्या आहेत. बँकेचे वकील नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र, मालमत्ता कराची पावती, एवढे मागतात आणि मागील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात. यांपैकी मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसले, की प्रकरण तिथेच अडते. मग विद्यार्थी घाईघाईने विनातारण कर्जाकडे वळतात आणि दोन-तीन टक्के जास्त व्याज भरतात. म्हणून विद्यापीठाचे पत्र येण्याची वाट न पाहता ही फाईल आत्ताच बाहेर काढा आणि शाखेत दाखवून घ्या. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनही करता येतो.

मंजुरी घेताना डॉलरचा दर आजचा न धरता थोडा वाढवून धरा. दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरताना रुपया घसरलेला असला तर मंजूर रक्कम अपुरी पडते आणि ऐन सत्राच्या तोंडावर वाढीव कर्जाची धावाधाव होते. करांचे दोन मुद्देही नोंदवतो. एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवताना वर्षाला १० लाखांपुढील रकमेवर तो लागतो, आणि विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. कर्जाच्या व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

आणखी एक. वडिलांचे घर तारण ठेवण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून, हप्ता थकला तर काय होते, हे स्पष्ट शब्दांत बोला. बँकेत सही करताना बहुतेक वडील कागद वाचत नाहीत. मुलीवर विश्वास असतो, म्हणून सही करतात.

खराडीत मुलाखती घेणारी:

वरील दोन्ही प्रतिसाद नेमके आहेत, पण डॅलसमधल्या मित्रांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ७४ हजारांचा हप्ता डॉलरच्या पगारातून सुसह्य असतो. तोच हप्ता पुण्यातील पगारातून भरायचा तर हातात किमान सव्वा लाख यायला हवेत, म्हणजे वार्षिक पॅकेज १८ लाखांच्या पुढे हवे. पुण्यात असे पगार आहेत. बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड, जॉन डिअर, आलियान्झ अशा कंपन्यांची येथील केंद्रे मोठी आहेत. पण तो पगार पदवीमुळे मिळत नाही, तर चार-सहा वर्षांच्या उपयोगी अनुभवामुळे मिळतो. परदेशी मास्टर्स असलेला आणि नसलेला असे दोन उमेदवार समोर असतात तेव्हा आम्ही दोघांना एकच प्रश्न देतो.

उदाहरण सांगते. ग्राहक आणि ऑर्डर अशा दोन सारण्या देऊन मी विचारते की त्या जोडल्यावर एकूण विक्रीची रक्कम प्रत्यक्षापेक्षा जास्त का दिसते. ग्राहकांच्या सारणीत एकाच ग्राहकाच्या दोन पत्त्यांमुळे दोन नोंदी असतात, त्यामुळे त्याची प्रत्येक ऑर्डर दोनदा मोजली जाते, हे ओळखायचे असते. तुम्ही सपोर्टमध्ये रोज अशाच चुका शोधत असाल, तर हे उत्तर तुम्हाला दोन मिनिटांत यायला हवे, आणि ते ज्यांना येते त्यांना मी पदवी विचारत नाही. तुमच्या कामाला तुम्ही कमी लेखू नये, असे मनापासून वाटते. सपोर्टमधील व्यक्तीला यंत्रणा कुठे मोडते हे ठाऊक असते. तीच गोष्ट सिस्टिम अ‍ॅनालिस्टला शिकावी लागते.

तेव्हा माझे म्हणणे असे, की कर्जाची रक्कम ठरवताना अमेरिकेतील पगार गृहीत धरू नये. पुण्यातील आज मिळू शकणाऱ्या पगारावर जेवढे कर्ज फेडता येईल, तेवढेच घ्यावे. त्यात बसणारे विद्यापीठ मिळाले तर जरूर जा. नाही मिळाले तर येथील पर्याय कमी प्रतीचे नाहीत.

एम.सी.ए. आता दोन वर्षांचे आहे. राज्य सीईटी कक्षाची एमएएच-एमसीए-सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश मिळतो आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. विद्यापीठाच्या आवारातील संगणकशास्त्र विभाग, कोथरूडची आयएमसीसी, अशी जुनी ठिकाणे आहेत. परंतु पूर्णवेळ एम.सी.ए.साठी नोकरी सोडावी लागेल आणि बाहेर पडल्यावर पुन्हा नवोदितांच्या रांगेत उभे राहावे लागण्याचा धोका आहे, म्हणून अनुभव असलेल्यांना मी तो पर्याय सरसकट सुचवत नाही. पाषाणच्या सी-डॅकचा पीजी-डॅक हा सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम कष्टाचा आहे, पण प्रोग्रामिंगची पकड पक्की करतो. ती पदवी मात्र नव्हे. नोकरी न सोडता पदवी हवी असेल तर इग्नूचे एम.सी.ए. आहे. जॉर्जिया टेकचा ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्स मास्टर्सही आहे, जो २०१४ पासून चालू असून संपूर्ण पदवी १० हजार डॉलरच्या आत होते. तीन वर्षांच्या पदवीवर त्यांचा प्रवेश मिळेल का हे आधी विचारावे लागेल, अभ्यास कठीण आहे, आणि ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा किंवा ओपीटी मिळत नाही. पण घर तारण ठेवावे लागत नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

रानडेत जर्मन शिकणारा:

जर्मनीचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. तेथे ‘विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक’ हा विषय सीआयएसच्या अगदी जवळचा आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात. ते पैसे तुमचेच असून दरमहा परत मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. अडचणी दोन आहेत. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेला दाखला, आधी काढावे लागते. आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरीसाठी जर्मन लागतेच, विशेषतः व्यवसाय आणि तंत्रज्ञान यांच्या सांध्यावरील या कामात, कारण दिवसभर लोकांशीच बोलायचे असते. बोट क्लब रस्त्यावरील मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट येथे आत्ता सुरुवात केली, तर बी१ या मध्यम पातळीपर्यंत पोहोचायला साधारण वर्ष-दीड वर्ष धरावे.

धायरीची वाचक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांबरोबर बसून फ्लॅटची फाईल काढली. करारनामा, इंडेक्स टू आणि कराच्या पावत्या आहेत. भोगवटा प्रमाणपत्र सापडले नाही, ते सोसायटीच्या सचिवांकडे विचारणार आहे. खराडीच्या ताईंनी सांगितलेली मर्यादा मला पटली. माझ्या अनुभवावर वर्षभरात नऊ-दहा लाखांची नोकरी मिळू शकते असे सहकारी सांगतात, आणि त्या पगारातून २५ हजारांपेक्षा मोठा हप्ता पेलवणार नाही. ११ टक्क्यांनी दहा वर्षांत २५ हजारांच्या हप्त्यावर १८ लाखांच्या आसपासच कर्ज बसते. या रकमेत अमेरिकेतील दोन वर्षे होत नाहीत, हे आता स्पष्ट दिसते. आधी डेटा इंजिनिअरिंगकडे बदली किंवा नवी नोकरी, सोबत जर्मन, आणि जॉर्जिया टेककडे पात्रतेची चौकशी, असा क्रम ठरवते आहे. सीआयपी कोडबाबत दोन अमेरिकी विद्यापीठांना ई-मेलही पाठवले आहेत, कारण शिष्यवृत्ती मिळाली तर चित्र बदलू शकते. माझ्या तीन वर्षांच्या पदवीमुळे नेमकी काय अडचण येते, हे कोणी सांगेल का?

डॅलसमधला पुणेकर:

बरीच अमेरिकी विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीची अट घालतात. काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, तर काही महाविद्यालयाचे नॅक मूल्यांकन आणि प्रथम श्रेणी पाहतात किंवा डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन मागतात. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्या. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट ऑनलाइन अर्ज करून मागवता येते, पण सर्व सत्रांच्या गुणपत्रिका स्कॅन करून लावाव्या लागतात आणि नावात आईच्या किंवा वडिलांच्या नावाचा क्रम कुठे वेगळा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा लागतो. हे काम दोन-तीन महिने आधीच सुरू करा आणि सीलबंद प्रती गरजेपेक्षा चार-पाच जास्त मागवा. जर्मनीच्या एपीएसलाही त्याच कागदपत्रांचा उपयोग होईल.

शिष्यवृत्तीबाबत: जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिचा अर्ज जरूर करावा. राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या योजना प्रवर्गानुसार वेगवेगळ्या आहेत, अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा समाजासाठी सारथी या संस्थेमार्फत, अशा. त्यांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते, म्हणून यादी करतानाच ती अट समोर ठेवा.